फूल आणि दोन पाने : गोव्यातील मतभेदांची पार्श्वभूमी

१६ जानेवारी, म्हणजे १९६७ च्या जनमत कौलाचा दिवस, जवळ आला की गोव्यात जुना वाद पुन्हा निघतो. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हायला हवे होते की नको, मराठीवर अन्याय झाला की कोकणीला न्याय मिळाला, भाऊसाहेब बांदोडकर मोठे की डॉ. जॅक सिक्वेरा. बोलणाऱ्यांत अनेकांचा जन्म १९६७ नंतरचा असतो, तरी आवाज चढतात. हा वाद थांबावा असे मला मुळीच वाटत नाही. तो ज्या रीतीने एकदा निकाली निघाला, ती रीत मात्र आपण विसरत चाललो आहोत आणि त्याची मला काळजी वाटते.

उघडपणे विरोधी मत मांडण्याचा हक्कच गोव्यात फार उशिरा आला. मधली चार वर्षे सोडली तर १५६० पासून १८१२ पर्यंत येथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे ख्रिस्ती धर्मन्यायालय, होते. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची महालसा हे देव सोळाव्या शतकात जुवारी नदी ओलांडून तेव्हा आदिलशाहीत असलेल्या फोंडा भागात आणले गेले. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले आणि वर्तमानपत्रांनाही बहर आला. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या पत्राचे नावच 'ओ देबाते', म्हणजे वादविवाद, असे होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत हे दार पुन्हा बंद झाले. छापण्यापूर्वी मजकूर तपासून घ्यायचा, परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या मैदानात बोलायला उभे राहिले ते याच बंदीविरुद्ध. ते आसोळण्याला ज्यांच्या घरी उतरले होते, ते डॉ. जुलियांव मिनेझिस ख्रिस्ती होते. त्या दिवशीची मागणी साधी होती : आम्हांला जमू द्या आणि बोलू द्या.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांत गोंयकार एकमेकांसमोर उभे ठाकले. बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) महाराष्ट्रात विलीनीकरण हवे होते, सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला वेगळा गोवा. पहिल्या निवडणुकीत मगो जिंकला आणि बांदोडकर मुख्यमंत्री झाले. याकडे केवळ हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असे पाहणे सोपे आहे, पण अपुरे आहे. बहुजन समाजाच्या दृष्टीने विलीनीकरणात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जाचातून सुटका होती, कुळाला जमीन मिळण्याची आशा होती, पिढ्यान्‌पिढ्या भजनात, कीर्तनात आणि नाटकात जपलेल्या मराठीचा मान होता. पलीकडच्या बाजूला भीती होती की एवढ्या मोठ्या राज्यात हा चिमुकला प्रदेश एखाद्या जिल्ह्यासारखा होऊन जाईल आणि त्याची भाषा, त्याच्या चालीरीती कुणाच्या खिजगणतीत राहणार नाहीत. दोन्ही कारणे खरी होती. आजही एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूचे कारण नीट सांगू शकत नसेल, तर त्याने वादात पडण्याआधी ते ऐकून घ्यावे असे मी म्हणेन.

विधानसभेत बहुमत मगोकडे होते, विलीनीकरणाचा ठरावही मंजूर झाला होता. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल आमदारांनी नव्हे, लोकांनी थेट द्यावा, असा सिक्वेरांचा आग्रह होता. संसदेने १९६६ च्या डिसेंबरात जनमत कौलाचा कायदा केला. सत्तेवर बसून मतदान घेतले तर ते निष्पक्ष ठरणार नाही, हा आक्षेप मानून बांदोडकर मंत्रिमंडळ त्याच महिन्यात पायउतार झाले. मला हा गोव्याच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. उत्तराबद्दल टोकाचे मतभेद असलेल्या दोन बाजू प्रश्न कसा विचारायचा यावर एक झाल्या.

प्रचार काही सौम्य नव्हता. विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी, म्हणजे वेगळ्या केंद्रशासित गोव्यासाठी, दोन पाने अशी चिन्हे होती आणि गावोगाव जत्रेसारखी गर्दी सभांना लोटायची. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, तर 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही दैनिके मराठी! उदय भेंब्रे यांचे 'राष्ट्रमत'मधले 'ब्रह्मास्त्र' हे सदर विलीनीकरणविरोधकांचे मोठे हत्यार ठरले, आणि तेही मराठीतच. मराठी वाचणारा माणूस विलीनीकरणवादीच असणार, ही समजूत तेव्हाच खोटी पडली होती.

१६ जानेवारी १९६७ ला ३,१७,६३३ लोकांनी मतदान केले, म्हणजे जवळपास ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. गोव्यात तेव्हा ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्याही खाली होती. म्हणजे हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारल्याशिवाय हा आकडा येऊच शकत नव्हता. आणि मग मार्च महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा याच मतदारांनी मगोला पुन्हा सत्ता दिली, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. तुमचे एक म्हणणे आम्हांला पटले नाही, तरी कारभार तुम्हीच करा, असे मतदारांनी दोन महिन्यांत सांगितले. बांदोडकरांनी कौल मानला. सिक्वेरा विरोधी बाकांवर बसले.

धर्माच्या बाबतीत गावागावांनी आपापल्या वाटा आधीच काढल्या होत्या. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी, असे लोक मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. कुणी कुणाचा धर्म स्वीकारत नाही, कुणी तसे सुचवतही नाही.

ही रीत नेहमी टिकली असे नाही. १९८६ च्या राजभाषा आंदोलनात रस्ते अडले, दगडफेक झाली, माणसे जिवाला मुकली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. मराठीप्रेमींना ती अपुरी वाटली, अजून वाटते. रोमी (रोमन) लिपीत लिहिणारे कोकणीभाषकही नाराज राहिले. ज्या कायद्याआधी रक्त सांडले, त्याच्याबद्दल दोन्हीकडे इतकी वर्षे कटुता राहिली यात नवल नाही.

२०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर बांदोडकरांच्या कन्या, माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर आणि 'ब्रह्मास्त्र'वाले भेंब्रे एकत्र आले. कोकणी-मराठीचा प्रश्न त्यांच्यात सुटलेला नव्हता. पण अनुदान मागणारे पालक बहुतांशी ख्रिस्ती होते, आणि त्यांची बाजू त्या व्यासपीठावर क्वचितच ऐकू आली. त्या पालकांशी बोलणे अजून बाकी आहे.