शार्कचा जीनोम वाचला, पण कोणता?

दुर्मीळ शार्कचा ‘संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम’ वाचल्याची बातमी आली की त्या प्राण्याची सगळी जनुकीय कुंडलीच हाती लागली, असं वाटतं. घोळ ‘संपूर्ण’ या शब्दामुळे होतो. मायटोकॉन्ड्रिया हे पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म भाग. त्यांच्यातला डीएनए म्हणजे जेमतेम १६,७०० अक्षरांचं वर्तुळ, त्यात ३७ जनुकं. पेशीच्या केंद्रकातला मुख्य जीनोम ग्रेट व्हाइट शार्कमध्ये सुमारे ४.६ अब्ज अक्षरांचा भरतो, म्हणजे जवळपास पावणेतीन लाख पट.

आकारापेक्षाही मोठा फरक वारशाचा. केंद्रकातला डीएनए आईबापांकडून निम्मा-निम्मा येतो, मायटोकॉन्ड्रियातला एकट्या आईकडून. नरांच्या भटकंतीची त्यात नोंदच होत नाही.

ग्रेट व्हाइट शार्कच्या बाबतीत यातून मोठं कोडं उभं राहिलं. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या शार्कांची तुलना झाली. मायटोकॉन्ड्रियल डीएनए ठळकपणे वेगळा निघाला, केंद्रकातल्या खुणांमध्ये मात्र तसा फरक दिसेना. अर्थ लावला गेला तो असा, की नर महासागर ओलांडतात आणि माद्या आपला किनारा सोडत नाहीत. पटण्याजोगंच होतं. पण २००५ मध्ये निकोल नावाच्या मादीचा प्रवास प्रसिद्ध झाला: दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला आणि परत, सुमारे नऊ महिन्यांत २०,००० किलोमीटर! पुढे २०२५ मध्ये केंद्रकीय जीनोम तपासल्यावरही माद्यांच्या घरओढीने हा फरक उलगडत नाही, असंच दिसलं. कोडं अजून तसंच आहे.

मग हे छोटं वर्तुळ वाचायचं कशाला? एक तर पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे संग्रहालयातल्या जुन्या, वाळक्या नमुन्यांतूनही ते मिळू शकतं. अतिसंकटग्रस्त गंगा शार्कचे नमुने मिळणंच मुश्कील. तरी २०१५ मध्ये अशा वाचनातून कळलं की बोर्निओ आणि म्यानमारमधले, वेगळ्या प्रजाती म्हणून नोंदवलेले नदी-शार्क गंगा शार्कच आहेत. शिवाय शार्कमध्ये हा डीएनए सस्तन प्राण्यांच्या तुलनेत सात-आठ पट संथ बदलतो. एखादाच तुकडा वाचून जवळचे गट वेगळे ओळखता येतीलच असं नाही. अख्खं वर्तुळ वाचलेलं बरं.

उरलेल्या मोजक्या शार्कांमध्ये जवळच्या नात्यात प्रजनन होतंय का, हे मात्र त्यातून कळणार नाही. त्यासाठी आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती शेजारी ठेवून पाहाव्या लागतात, आणि त्या केंद्रकातच असतात.