पाणी चंद्राचं, पोट सूर्याचं

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथी पुरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास हाती येतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण अडत नाही. दर्याचं वेळापत्रक रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं, एवढं त्यातून कळतं. ओहोटीत खडपावरची कालवं फोडायला किंवा तिसऱ्या शिंपल्या काढायला जाणाऱ्या बायका आज पहाटे सहाला पाण्यात असतील, तर आठवड्याभराने त्याच कामाला त्यांना भर दुपारी उतरावं लागतं. मग जेवणंही सरकतात.

खेकड्यांना हे सरकणं सोसतं. जीवशास्त्रज्ञ एम. के. चंद्रशेखरन यांनी १९६०च्या दशकात मद्रासच्या वाळूतला एक छोटा खेकडा अभ्यासला होता. प्रयोगशाळेत ना भरती ना ओहोटी, तरी त्याच्या हालचालीत भरतीची लय टिकून होती. माणसाच्या अंगात असं घड्याळ नाही. आपलं घड्याळ सूर्याचं. बाहेरची खूण मिळाली नाही तर ते सरासरी २४ तास ११ मिनिटांनी फेरी पुरी करतं, आणि सकाळचा उजेड त्याला रोज जागेवर आणतो. प्रयोगात माणसांना २८ तासांच्या ‘दिवसा’वर ठेवून पाहिलं, तरी शरीराचं तापमान आपल्या जुन्याच फेरीने चढत-उतरत राहिलं.

हे मुख्य घड्याळ मेंदूत, सुमारे २० हजार पेशींच्या एका ठिपक्यात असतं. पण यकृतालाही स्वतःचं घड्याळ आहे, आणि ते उजेडापेक्षा जेवणाकडे बघून वेळ लावतं. इथे म्हातारपणाचा प्रश्न येतो.

कमी खाणारे उंदीर जास्त जगतात हे १९३०च्या दशकापासून माहीत आहे. त्यात एक गोम होती. अर्धपोटी उंदराला दिवसाचं खाणं एकदम दिलं की तो दोनेक तासांत फस्त करतो आणि उरलेला दिवस उपाशी काढतो. मग आयुष्य वाढलं ते कमी खाण्याने, लांबलेल्या उपासाने, की खाण्याच्या वेळेने? १९९७ मध्ये उंदरातलं ‘क्लॉक’ नावाचं जनुक शोधून काढणारे जोसेफ ताकाहाशी यांनी डॅलसच्या प्रयोगशाळेत या तिन्ही गोष्टी सुट्या केल्या. पिंजऱ्यात ठरल्या वेळी गोळी टाकणारं यंत्र बसवलं. पोटभर खाणारे उंदीर साधारण ८०० दिवस जगले. ३० टक्के कमी खाणं चोवीस तासांत विखरून दिलं, तर आयुष्य १० टक्क्यांनी वाढलं. तेवढंच खाणं फक्त दिवसा, म्हणजे उंदराच्या झोपेच्या वेळी दिलं तेव्हा २० टक्के. आणि रात्री, उंदराच्या जागेपणी दिलं तेव्हा ३५ टक्के! कमी खाणाऱ्या सगळ्या गटांची वजनं जवळपास सारखीच होती, त्यामुळे श्रेय सडपातळपणाला देता येत नाही. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदीर एकाच वाणाचे आणि सगळे नर होते. त्यावरून माणसाच्या वयाचं गणित मांडणं हा उतावळेपणा ठरेल. पण खाण्याची वेळ आयुष्याच्या हिशेबात मोजावी लागते, इतकं मी त्यातून घेतो.

वय वाढतं तसं मेंदूतलं हे घड्याळ क्षीण होतं. रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होतं, डोळ्याचं भिंग पिवळट होऊन निळा उजेड आत कमी पोचतो, झोप लवकर येते आणि मोडतेही लवकर. अशा वयात वेळा हलवल्या तर काय होतं? २००६ मध्ये अमेरिकेत म्हाताऱ्या उंदरांचा उजेड-अंधार आठ आठवडे, दर आठवड्याला सहा तासांनी हलवला गेला. वेळ न हलवलेल्यांपैकी ८३ टक्के जगले, पहाट उशिरा आणलेल्यांपैकी ६८ टक्के, आणि पहाट आधी आणलेल्यांपैकी ४७ टक्केच.

भरतीही उशिराकडेच सरकते, म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य दिशेने. तरीही हा आकडा किनाऱ्यावर जसाच्या तसा लावता येत नाही. त्या उंदरांचा उजेडच हलवला होता. कालवं फोडणाऱ्या बाईचा सूर्य जागचा हलत नाही, हलतं ते काम आणि त्यामागून ताट. तिच्या मेंदूला सकाळच्या उन्हातून बरोबर वेळ कळत असते, आणि यकृताला कळते ती त्या दिवशी चूल पेटल्यावर.