पोसायडन दोन मिलिमीटरने बुटका का होतो?

टाउन हॉल म्युझियममधला पोसायडन म्हणजे कोल्हापूरची शान. १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची ही रोमन काळातली मूर्ती जेमतेम १३ सेंटिमीटरची. "आता काय, स्कॅन करायची आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायची," असं हल्ली कुणीही म्हणतं. छापा की! हाती प्लास्टिक येईल. ब्राँझ हवं असेल तर गाठ ओतकामाशी आहे.

ब्राँझ थिजलं की साधारण ८५० अंशांवरून खोलीच्या तापमानापर्यंत उतरतं. दर अंशाला त्याची लांबी सुमारे ०.००००१८ पट घटते. गुणाकार करा : दीड टक्का. म्हणजे १३० मिलिमीटरची मूर्ती दोन मिलिमीटरने बुटकी. रस थिजताना होणारी घट रायझरमधला (साच्याला जोडलेल्या साठ्यातला) जादा रस भरून काढतो, पण थिजल्यानंतरच्या या आकसण्यावर एकच उपाय : साचाच मोठा करायचा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतले पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी नमुना घडवणारे कारागीर, हे कायमच करत आले. बिडासाठीची त्यांची पट्टी मीटरमागे साधारण १० मिलिमीटर लांबच असते. स्कॅनमध्ये तेच काम एक आकडा टाकून होतं.

अडचण पुढे आहे. पसरलेला हात आणि धड यांच्यामध्ये साच्याची माती अडकलेली असते. धातू आकसू पाहतो, माती हलत नाही, आणि बगलेत तडा जातो. सगळीकडे सारखीच टक्केवारी वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही. मूर्तीचा आधी मेणाचा नमुना करतात, त्यावर माती लिंपतात आणि मेण वितळून गेलं की त्या पोकळीत धातू ओततात. या मातीत ओतारी शेण आणि भाताचं तूस कालवतो. साचा भाजताना ते जळून बारीक पोकळ्या उरतात. त्यांतून वायू निसटतो आणि माती थोडी दबतेही. (शेणाने मूर्तीत 'ऊर्जा' येते असं सांगणारे फॉरवर्ड वेगळे, त्यांचा इथे उपयोग नाही.) प्रिंटही मेणाची किंवा मेणासारख्या रेझिनची लागते, कारण काही रेझिन जळण्याआधी फुगतात आणि साचाच फोडतात. शिवाय दाढीच्या कुरळ्या बटांवर प्रिंटरच्या थरांच्या रेघा उमटतात. त्या गरम सळईने हातानेच मिटवाव्या लागतात.

या आकसण्याचा एक फायदाही होता. मूळ मूर्तीवरूनच साचा काढलेली नक्कल थोडी लहान भरायची, त्यामुळे कॅलिपर (बारीक माप घेण्याचं साधन) लावला की चोरी उघड. स्कॅनमध्ये माप आधीच वाढवलं असेल तर कॅलिपर हात टेकतो. मग मिश्रधातूचं रासायनिक पृथक्करणच करावं लागतं.