ध्यानाचा एक दिवस चुकला म्हणून सुरुवातीपासून?

‘सलग २१ दिवस बसा, ध्यानाची सवय लागते, खाडा पडला की पुन्हा पहिल्यापासून,’ असं बेळगाव-खानापूरकडे हमखास ऐकायला मिळतं. हे खरं नाही. १९६० मध्ये मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला!

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात रोजच्या साध्या सवयींना सरासरी ६६ दिवस लागले; माणसामाणसांत फरक प्रचंड. एखाद्या खाड्याने फारसं बिघडलं नाही.

म्हणून हरिपाठानंतर देवळात चौघं ध्यानाला बसत असाल, तर न आलेल्याला ‘काय वो, काल दिसला नाहीसा?’ एवढंच विचारा. दिवस मोजायला लावू नका. त्या लाजेनेच माणसं यायची थांबतात.