आईबाबांचं ऐकणारी मुलं ‘कच्ची’ नसतात

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं: बाबांच्या सांगण्यावरून कॉमर्सला गेलेल्या पोराला स्वतःची ओळखच नाही, मानसशास्त्राच्या चाचण्याही तेच सांगतात म्हणे. इतकं सरळ नाही ते.

कुणाची ओळख किती घडली, यावरून तरुणांचे चार गट पाडणाऱ्या वर्गवारीचं मूळ मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांच्या १९६६ सालच्या अभ्यासात. ते दोन गोष्टी पाहत: पर्याय चाचपून पाहिले का, आणि एकावर ठाम झालात का. न चाचपता ठाम, हा चारांपैकी एक गट; बाबांचं ऐकून कॉमर्सला गेलेला पोरगा त्यातच बसवला जातो. पण तपासले कोण? अमेरिकेतल्या कॉलेजातले ८६ विद्यार्थी, सगळे मुलगे. मुली नाहीतच!

आता चाचणीत ‘हे माझ्याबाबतीत किती खरं?’ असं विचारून गुण देतात, त्यातलं ‘मी स्वतः ठरवलं’ हे विधान घ्या. घरी मराठी, गल्लीत गुजराती, वर्गात इंग्रजी बोलणारी बडोद्याची मुलगी ‘स्वतः’ म्हणताना आजीलाही त्यात धरत असेल. मग तिचे कमी गुण नेमकं काय मोजतात? नुसता अनुवाद इथे पुरत नाही. तीच विधानं दोन्ही देशांत तेच मोजतात का, हे आधी आकडेमोडीनं तपासावं लागतं. ते जुळलं नाही, तर दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी मांडणं म्हणजे शेराची फुटाशी तुलना.