पॅड रस्त्याचं की ट्रॅकचं? एका जुन्या फारकतीची पार्श्वभूमी

गोव्यात स्पोर्ट्स कार दिसणं ही आता नवलाई राहिलेली नाही. पर्वरीच्या सिग्नलला दिसते, मोपाच्या रस्त्यावर दिसते, रविवारी सकाळी चोर्ला घाटात तर हमखास दिसते. यातल्या काही मालकांना पुढे ट्रॅकचा नाद लागतो. गोव्यात कायमचा रेसट्रॅक नाही, त्यामुळे गाडी जाते कोइंबतूरच्या करी स्पीडवेला, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, फारच हौस असेल तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला. पाच-सहा फेऱ्यांत कंपनीच्या ब्रेक पॅडचा, म्हणजे चाकाच्या चकतीला दाबून गाडी थांबवणाऱ्या घर्षणाच्या ठोकळ्याचा, वास सुटतो, ब्रेक लागेनासा होतो, आणि परत आल्यावर गॅरेजमध्ये ठरलेला प्रश्न येतो: म्हापशाच्या बाजारातही चालेल आणि सर्किटवरही टिकेल असं एकच पॅड कुठलं?

असं पॅड दुकानात का मिळत नाही, याचं उत्तर बरंच मागे जातं.

१८८८ मध्ये बर्था बेंझ मॅनहाइमहून फोर्झहाइमला गाडी घेऊन निघाल्या. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनिंगची, म्हणजे घासणाऱ्या थराची, गोष्ट साधारण इथून सांगतात. १८९७ मध्ये इंग्लंडात डर्बीशायरच्या हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाड्यांसाठी घर्षणाचे ठोकळे करायला घेतले आणि त्यातून फेरोडो ही कंपनी उभी राहिली. कापूस आणि डांबरी मिश्रणं मोटारीच्या उष्णतेला पुरेनात, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ॲस्बेस्टॉस आलं.

चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला पॅडने दाबणारा डिस्क ब्रेकही तेव्हाचाच. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तांब्याचे पॅड धातूच्या चकतीवर घासून अशी काही किंचाळी उठायची की कल्पना मागे पडली. त्याच सुमाराला लुई रेनो यांनी आणलेला ड्रम, म्हणजे चाकातल्या पोकळ डब्याला आतून दाबणारा ब्रेक, पुढची पन्नास वर्षं राज्य करून गेला.

ॲस्बेस्टॉसबद्दल आज फक्त वाईट बोललं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण घर्षणाच्या हिशेबात ते विलक्षण होतं: थंड असताना चावायचं, तापल्यावर तग धरायचं, आवाज करायचं नाही, स्वस्तही पडायचं. गाडी चालवत ट्रॅकवर न्यायची, शर्यत करायची आणि तीच घरी आणायची हे एके काळी जमत होतं, त्यात या एका खनिजाचा हात मोठा आहे, असं मला वाटतं.

मग १९५३ चं ल मान्स, फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, आलं. जॅग्वारच्या सी-टाइपला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत जिंकली आणि ड्रमचे दिवस भरले. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसने डिस्क रोजच्या गाडीत आणली. चकती उघडी असल्याने लवकर निवते. पॅड मात्र ड्रमच्या लायनिंगपेक्षा खूप लहान, म्हणून दाब आणि तापमान दोन्ही त्याच्यावर एकवटतं. पॅडच्या रसायनाची खरी परीक्षा इथून सुरू झाली.

आकडा मांडला की ती परीक्षा कळते. १,५०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली तर सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. बुद्ध सर्किटच्या किलोमीटरभर सरळ पट्ट्याच्या शेवटी तीच गाडी २०० वरून ८० वर आणली तर १९ लाखांच्या वर. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यात एकदा लागला तर लागला. ट्रॅकवर तो दर फेरीला लागतो, आणि मधे निवायला वेळ नसतो. पॅडमधली घटकद्रव्यं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन साधारण ३०० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतं, त्याचा वायू पॅड आणि चकतीच्या मधे येतो आणि पकड जाते. ट्रॅकवर चकत्या ५००-६०० अंशांना सहज पोचतात.

म्हणून शर्यतवाल्यांनी आपली वेगळी वाट धरली. फेरोडोचं डीएस११ हे त्यांचं गाजलेलं पॅड: तापलं की भरवशाचं, थंड असताना अंगावर काटा आणणारं. १९७६ मध्ये ब्राबॅमने फॉर्म्युला वनमध्ये कार्बनचे ब्रेक आणले, आणि ते तर तापल्याशिवाय कामालाच लागत नाहीत. तिथे फारकत पक्की झाली.

रस्त्याकडच्या बाजूने ती वाढवली आरोग्याच्या प्रश्नाने. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होतात हे सिद्ध झाल्यावर एकेका देशाने ते हद्दपार केलं. ब्रिटनने १९९९ मध्ये, तर अमेरिकेने सुट्या भागांच्या बाजारातल्या ब्रेकपर्यंत बंदी नेली ती थेट २०२४ मध्ये. जागा भरायला तीन घराणी आली: ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक आणि सिरॅमिक. पुढे पॅडमधलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत जाऊन माशांना बाधतं म्हणून २०१० मध्ये कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी त्यावरही कायदे केले. आता युरोपच्या प्रदूषण नियमांत, युरो ७ मध्ये, ब्रेकच्या धुळीलाच मर्यादा आहे, बहुतेक गाड्यांना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम. रस्त्याचं पॅड अशा रीतीने शांत, स्वच्छ आणि टिकाऊ होत गेलं. कमाल तापमान हा त्याच्या आखणीतला मुख्य मुद्दा कधीच नव्हता.

गोव्याची गोष्ट थोडी निराळी. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलात युरोपीय गाड्या इथे सहज येत. मुक्तीनंतर परवाना राजमध्ये वाट्याला आल्या ॲम्बॅसडर आणि फियाट, चारही चाकांना ड्रम. आपल्याकडचा पॅडचा बाजार घडला तो नंतरच्या छोट्या गाड्यांवर, त्यामुळे दुकानदार अजूनही तीनच गोष्टी सांगतो: किंमत, आवाज आणि किती किलोमीटर जाईल. त्याने ‘सिरॅमिक’ म्हणून पुढे केलेलं पॅड पोर्शेने २००१ च्या ९११ जीटी२ ला दिलेल्या कार्बन-सिरॅमिक चकतीचं भावंड नव्हे. ते कमी धूळ, कमी आवाजाचं रस्त्याचं पॅड आहे. ट्रॅकसाठी म्हणून ते घेणाऱ्याचे पैसे पाण्यात.

पॅडच्या कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरंही अशीच फसवतात. ईई, एफएफ, जीजी असं काहीतरी असतं. पहिलं अक्षर थंड घर्षणांकाचं (पकड किती ते सांगणाऱ्या आकड्याचं), दुसरं गरमचं. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पण ही चाचणी साडेतीनशे अंशांच्या आतच संपते. ट्रॅकचं खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं, तेव्हा जीजी वाचून हुरळून जाऊ नये.

आणि गोव्यात गरम टोकापेक्षा थंड टोक जास्त महत्त्वाचं, हे माझं ठाम मत आहे. जुलैत गाडी दोन रात्री उभी राहिली की चकतीवर तांबूस थर चढतो. किनाऱ्याकडे खाऱ्या हवेने पॅडची कानं, म्हणजे दोन्ही टोकं, ती धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये अडकतात. पॅड मागे सरकत नाही, चाक अर्धवट धरून राहतं. जुन्या पॅडच्या पोलादी पाटीवर गंज शिरला की तिच्यावरचा मसाला, म्हणजे घासणारा थर, पापुद्र्यासारखा उचलला जातो. अशा हवेत पहिल्याच ब्रेकला, ओल्या चकतीवर, पणजीच्या गर्दीत जे पॅड धरतं ते चांगलं. शर्यतीचं पॅड इथे चित्कारतं, थंड असताना चकती खातं आणि समोर स्कूटर आडवी आली की उशीर करतं. घाट उतरताना गियरमध्ये राहिलात तर चोर्ला किंवा अनमोडला चांगलं रस्त्याचं पॅड पुरतं.

फेरोडो डीएस२५०० सारखी मधली पॅडं आहेत. हलक्या गाडीला आणि मोजक्या फेऱ्यांना ती चालतात, थोडा आवाज सोसायची तयारी हवी. जड, ताकदवान गाडीला दोन संच ठेवणं बरं. फिक्स्ड कॅलिपर (पॅड दाबणारा, जागचा न हलणारा पकडीचा भाग) वरून उघडा असेल तर चाक काढायचं, दोन पिना ठोकायच्या, पिस्टन मागे रेटायचे की पॅड वरच्या वर निघतं. पिस्टन रेटण्याआधी ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरलेली नाही ना, एवढं बघावं.

ते ऑइलही बदललेलं हवं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेत पाणी भरपूर. डॉट ४ या प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ ला. पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर दोष पॅडचा; पेडल खाली जात असेल तर ऑइल उकळलं. नवं पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून हळूहळू जोर वाढवत ब्रेक मारून घ्यायचे, म्हणजे पॅडचा पातळ थर चकतीवर समान बसतो. दुसऱ्या जातीचं पॅड त्याच थरावर चढवलं की पेडलला थरथर येते, म्हणून जमलं तर ट्रॅकच्या पॅडबरोबर चकत्यांची जोडीही वेगळी ठेवतात.