गरोदरपणातली नशा आणि बाळावर होणारे परिणाम

गरोदर बाईने दारू, तंबाखू, गांजा, कोकेन, झोपेच्या गोळ्या किंवा हेरॉइन-मॉर्फिनसारखी ओपिऑइड्स घेतली तर त्याचा बाळावर पोटात असताना, जन्मल्याबरोबर आणि पुढे वाढताना काय परिणाम होतो, त्याबद्दलची ही नोंद. वार (प्लॅसेंटा) म्हणजे गाळणी आहे, वाईट ते अडवते आणि चांगलं तेच बाळाला देते, असं खूप जणांना वाटतं पण तसं नाहीये. नशेचे बहुतेक पदार्थ लहान रेणूंचे आणि चरबीत विरघळणारे असतात त्यामुळे ते वारेतून सहज पलीकडे जातात, आणि बाळाचं लिव्हर अजून कच्चं असल्यामुळे ते त्याच्या अंगातून लवकर बाहेरही पडत नाहीत.

कधी घेतलं यावर बरंच अवलंबून असतं. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात अवयव घडत असतात, तेव्हाच्या नशेने शरीराच्या रचनेत दोष राहू शकतो, आणि बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं. नंतरच्या महिन्यांत मुख्यतः वजन आणि मेंदू यांवर परिणाम होतो, मेंदूची वाढ तर पूर्ण नऊ महिने चालू असते.

सगळ्यात जास्त आणि कायमचं नुकसान कशाने होतं तर दारूने, जी बहुतेक ठिकाणी कायदेशीर आहे. फ्रान्समध्ये १९६८ साली डॉक्टर लमवान यांनी आणि १९७३ साली अमेरिकेत डॉक्टर जोन्स आणि स्मिथ यांनी अशा मुलांचं वर्णन केलं: वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठांमधली खाच सपाट, डोळ्यांच्या फटी लहान, वाढ खुंटलेली, शिकण्यात आणि वागण्यात अडचणी. याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम म्हणतात. चेहऱ्यावर काहीच दिसत नाही पण मेंदूवर परिणाम झालाय अशी मुलं त्याहून जास्त असतात, आणि ती मग वर्गात नुसती मस्तीखोर किंवा मठ्ठ ठरतात, याचं फार वाईट वाटतं. किती दारू चालते असा सुरक्षित आकडा सापडलेला नाही, म्हणून अजिबात नको असंच सांगतात.

तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाळाचा ऑक्सिजन कमी करतो. त्यामुळे वजन सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास कमी भरतं, बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. चघळायचा तंबाखूही सुरक्षित नाही. गांजानेही वजन कमी राहतं. झोपेच्या गोळ्यांमधल्या बेंझोडायझेपिन गटाने बाळ ढिलं पडतं, दूध नीट ओढत नाही.

ओपिऑइड्सचं वेगळं आहे. पोटात असताना बाळाच्या मेंदूला त्यांची सवय झालेली असते, नाळ कापली की पुरवठा एकदम बंद होतो आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन (शरीराला उत्तेजित करणारं रसायन) उसळतं. याला नवजात विथड्रॉवल म्हणतात. हेरॉइन असेल तर बहुधा पहिल्या २४ तासांत सुरू होतं, मेथाडोन (हेरॉइनसारख्या नशेवर उपचार म्हणून देतात ते ओपिऑइड औषध) असेल तर एक ते तीन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, म्हणून डिलिव्हरी झाल्यावर लगेच घरी सोडत नाहीत. बाळ किंचाळल्यासारखं बारीक आवाजात रडत राहतं, हातपाय थरथरतात, शिंका आणि जांभया एकामागून एक येतात, घाम, पातळ शी, सारखं चोखायला बघतं पण दूध नीट पोटात जात नाही, काही बाळांना झटकेही येतात. पण हे बाळ व्यसनी नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असतानाही ओढ लागणं, ते नवजात बाळाला होऊच शकत नाही, त्याचं शरीर फक्त त्या औषधावर अवलंबून झालेलं असतं आणि ते उपचाराने बरं होतं.

१९७५ साली अमेरिकेतल्या डॉक्टर लोरेटा फिनेगन यांनी यासाठी लक्षणांना गुण द्यायची पद्धत आणली, गुण वाढले की मॉर्फिनचे थेंब सुरू. आता बऱ्याच ठिकाणी साधं बघतात: बाळ पितंय का, झोपतंय का, रडलं तर शांत होतंय का. अंधूक उजेड, कमी आवाज, घट्ट गुंडाळणं, आईच्या अंगाला लावून ठेवणं आणि अंगावरचं दूध हेच पहिलं औषध, मॉर्फिन लागलं तरच. २०२३ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात या पद्धतीने बाळं सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याइतकी बरी झाली, जुन्या पद्धतीत १४.९ दिवस लागत होते.

म्हणून आई दोषी आहे असं धरून बाळाला तिच्यापासून लांब ठेवणं म्हणजे बाळाचाच उपचार काढून घेणं. आणि गरोदरपणात कळलं की ओपिऑइड लगेच बंद कर असं सांगणंही धोक्याचं आहे, कारण त्याने बाळावर ताण येतो आणि बाई पुन्हा नशेकडे वळायची शक्यता फार असते. डॉक्टरांच्या देखरेखीत मेथाडोन किंवा त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन देतात, विथड्रॉवल त्यानेही होऊ शकतं पण आई-बाळ दोघं जास्त सुरक्षित राहतात. अशा उपचारावर स्थिर असलेली आई सहसा दूधही पाजू शकते. दारूचं तर एकदम सोडल्याने आईला झटके येऊ शकतात, तिथेही डॉक्टर हवेतच.

कोकेनबद्दल बोलायलाच हवं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, वार वेळेआधी सुटू शकते, बाळ अपुऱ्या दिवसांचं होऊ शकतं, हे खरं आहे. पण १९८५ साली डॉक्टर आयरा चासनॉफ यांचा २३ बायकांवरचा छोटासा अभ्यास आला आणि अमेरिकेत क्रॅक बेबी (क्रॅक म्हणजे ओढायचं कोकेन) म्हणून एक अख्खी पिढी वाया गेली अशी बोंब झाली. फिलाडेल्फियात डॉक्टर हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून २२४ मुलांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तर कोकेन पोचलेली आणि न पोचलेली गरीब मुलं बुद्धीच्या चाचण्यांत जवळपास सारखीच निघाली, दोन्ही गट सरासरीच्या खाली. गरिबीचा परिणाम कोकेनपेक्षा मोठा होता. तोवर किती पोरांच्या कपाळावर तो शिक्का बसला होता.

शिक्षेच्या भीतीने काय होतं तर बाई तपासणीलाच येत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०१४ साली अशा आयांना शिक्षेचा कायदा केला आणि २०१६ मध्ये त्याची मुदत वाढवली नाही. डिलिव्हरीनंतरही काम संपत नाही. बाळाची वाढ, नजर आणि बोलणं तपासत राहावं लागतं, आणि आईचा उपचार तर अजिबात तोडायचा नसतो, कारण मॅसॅच्युसेट्समधल्या अभ्यासात ओव्हरडोसचं प्रमाण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात कमी आणि बाळ सात ते बारा महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त दिसलं.